अनुभव : निरंक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

महास्वयम् या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरच्या तुझ्या नोंदणीची प्रिंट परवा तुझे बाबा देऊन गेले. शिक्षण : आयटीआय, इलेक्ट्रिशियन. अनुभव : निरंक. तो शब्द वाचून मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटार जळली, तेव्हा जुनी कॉइल उतरवून, वेढे मोजून, नवं वाइंडिंग कुणी भरलं? तूच ना? बाबांच्या दुकानात तीन वर्षं तू हेच काम करतेस. मग निरंक कसं?

दोन वर्षं नाव घातलंय पण मुलाखतीचा एकही कॉल आला नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. सेवायोजन कार्यालयात, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायच्या सरकारी कार्यालयात, माझी सगळी नोकरी गेली, म्हणून कारण सांगतो. ही कार्यालयं १९४५ साली सुरू झाली ती महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून. पुढे १९५९च्या कायद्यात, २५ किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवायला लावण्याची तरतूद झाली. फक्त कळवायच्या, आमच्या यादीतूनच माणूस घ्या, असं कायद्यात कधीच नव्हतं. सरकारी भरतीत मात्र यादीला वजन होतं, नाव नोंदवल्याचं कार्ड ज्याचं जुनं, त्याला आधी कॉल निघायचा. बाबांच्या डोक्यात तोच काळ आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नुसत्या यादीवर भरती नको, जाहिरातही द्या, नाव न नोंदवलेल्यांनाही संधी मिळू द्या. तो निकाल मला न्याय्यच वाटतो. पण त्यानंतर कार्ड काढून वाट बघण्यात अर्थ उरला नाही, हे आम्ही गावोगावच्या मुलांना पुरेसं सांगितलं नाही. तुझी दोन वर्षं त्यात गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता नोंदणी करायची ती शोधणाऱ्याला आपण सापडावं म्हणून. प्रत्येक कामाला क्रमांक देणारी एक सरकारी यादी आहे, राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण. तिच्यात घर-इमारतींच्या वायरिंगचे इलेक्ट्रिशियन ७४११ या गटात येतात, आणि मोटारी, जनरेटर दुरुस्त करणारे, वाइंडिंग करणारे ७४१२ मध्ये. तुझा हात दुसऱ्या गटात बसलाय आणि नोंद पहिल्या गटातल्यासारखी आहे. ‘मोटार रिवाइंडिंग, सबमर्सिबल पंप दुरुस्ती, स्टार्टर जोडणी, तीन वर्षं’ असं स्पष्ट लिही. हीच माहिती नॅशनल करिअर सर्व्हिस या केंद्र सरकारच्या पोर्टलवरही भर. दोन्हीकडे नोंदणीला एक पैसा लागत नाही. कुणी मागितला तर तिथूनच परत फिर.

बेरोजगारीचा आकडा बातमीत ऐकून तू घाबरतेस, असं बाबा म्हणाले. तो आकडा कसा निघतो ते बघ. श्रमशक्तीचं सरकारी सर्वेक्षण २०१७ पासून सतत चालू आहे. २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांत बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता आणि १५ ते २९ वयोगटात १०.२ टक्के. पण घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी व्यक्तीही तिथे ‘रोजगारात’ धरतात. चालू आठवड्याच्या मोजणीत तर सात दिवसांत एक तास काम केलं तरी पुरे. म्हणजे सर्वेक्षक तुमच्या दारात आला असता, तर तू कामावर असलेली ठरली असतीस. आमच्या नोंदपटात मात्र तू नोकरीच्या शोधात आहेस. उलट त्याच नोंदपटात कामाला लागलेले, पण नाव न काढलेले कितीतरी जण असतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. आकडा दिसला की आधी विचार, यात कुणाला मोजलंय? मी असते तर कुठे पडले असते?

या आकड्यांवरून तुझ्या तालुक्यात वाइंडर हवा आहे की नाही, ते कळणार नाही. त्यासाठी एक वही कर. दर सोमवारी पोर्टलवरच्या आपल्या जिल्ह्याच्या जागा उतरव : काम, पगार, ठिकाण, तारीख. तीन महिन्यांत दिसायला लागेल. एकच कारखाना तीच जागा महिन्या-महिन्याला काढत असेल, तर माणसं तिथे टिकत नाहीत. जाण्याआधी तिथल्या एखाद्या कामगाराशी बोल.

मालकांचंही सांगतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्याने आमच्याकडे ‘अनुभवी हेल्पर’ एवढंच लिहून पाठवलं होतं, कुणी फिरकलं नाही. मी कारखान्यात जाऊन पाहिलं तर त्यांना हवा होता पॅनेल वायरिंग येणारा. पगार आणि पाळीसकट जागा नव्याने लिहिली, आठवड्यात माणसं आली. जाहिरातीत पगार नसेल तर तू फोन करून विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतन देऊन. विजेच्या मोटारी बनवणारे, दुरुस्त करणारे कारखाने अप्रेंटिसशिप पोर्टलवर शोध. तिथे काढलेलं वर्ष पुढे कागदावर अनुभव म्हणून दाखवता येतं.

रविवारी सकाळी घरी ये. येताना लॅपटॉप आण, आयटीआयची मार्कलिस्ट आण, आणि बाबांना दुकानाच्या लेटरहेडवर तुझ्या तीन वर्षांच्या कामाचं पत्र लिहायला सांग. कोणत्या मोटारी, किती एचपीच्या, तेही त्यात येऊ दे. ‘निरंक’ आपण दोघं मिळून खोडू.

तुझा,
काका