भाजी चिरायच्या फळीला कोणतं तेल?

घरात आहे म्हणून शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावू नका. ते लाकडात मुरतं, पण नीट वाळत नाही. पुढे फळीला खवट वास येतो आणि तो चिरलेल्या काकडीलाही लागतो.

सुरुवातीला मी सरळ लिक्विड पॅराफिन, म्हणजे शुद्ध खनिज तेल, सुचवेन. मेडिकलमध्ये मिळतं, 'आयपी' (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाचं) लिहिलेलं साधं घ्या. (मिल्क ऑफ मॅग्नेशिया घातलेलं पोट साफ करायचं औषध असतं, ते नव्हे!) वास नाही, चव नाही, खवट होत नाही. फक्त धुण्यात हळूहळू निघून जातं, म्हणून महिन्याकाठी पुन्हा लावायचं.

खनिज तेल नकोच असेल, तर घाण्याचं कच्चं जवसाचं तेल. ते हवेने घट्ट होतं, पण अगदी पातळ हात द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. पावसाळ्यात त्याहून जास्त. हार्डवेअरवाल्याकडचं 'डबल बॉइल्ड' जवस तेल रंगकामाचं, ते स्वयंपाकघरात आणूच नका. आणि जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

फळी आधी पूर्ण कोरडी हवी. तेल दोन्ही बाजूंना, आणि आडव्या कापाच्या टोकांना, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू कापलेले दिसतात तिथे, जरा सढळ. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं.