अंडं नाही, मैदा नाही: ब्रेड उभा राहणार कशावर?

या वेळचे सगळे प्रश्न एकाच पदार्थाचे आहेत: मैदा आणि अंडं न घालता घरी केलेला, कमी कर्बोदकांचा ब्रेड.

प्रश्न: बदामाचं पीठ, इसबगोल आणि बेकिंग पावडर घालून ब्रेड करते. ओव्हनमध्ये छान फुगतो, बाहेर काढला की दहा मिनिटांत मधोमध बसतो. आतून गिच्च, सुरीला चिकटतो. पंधरा मिनिटं जास्त भाजूनही तेच.

अंडं गरम झालं की घट्ट होतं आणि गार झाल्यावरही घट्टच राहतं. गव्हातल्या ग्लूटेन या चिवट प्रथिनाचंही तसंच. इसबगोलाचं तसं नाही. तो पाणी धरून चिकट जेल तयार करतो, त्यात वायू अडकतो, ब्रेड फुगतो. पण जेलमधलं पाणी पुरेसं उडाल्याशिवाय त्याला ताकद येत नाही. तुमचा ब्रेड फुगतो म्हणजे बेकिंग पावडर ठीक आहे. दोष पाण्याचा आहे.

आधी इसबगोल कसा मोजता ते पाहा. अख्ख्या सालीचा एक मोठा चमचा ४ ते ५ ग्रॅम भरतो, बारीक पावडरीचा साधारण ९ ग्रॅम. कृतीत साल लिहिली असताना चमच्याला चमचा पावडर घातली, तर जेल दुप्पट होतं आणि पाणी आत कोंडून राहतं. उलट केलं तर पीठ सैल राहतं. इथे चमचे विसरा, वजनकाटा वापरा.

एका लहान ब्रेडसाठी हे प्रमाण धरून बघा: बदामाचं बारीक पीठ १५० ग्रॅम, इसबगोलाची साल ३० ग्रॅम, जवसाची पूड ३० ग्रॅम, बेकिंग पावडर १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, व्हिनेगर १५ मिलि, कोमट पाणी ३०० मिलि. साल आणि जवस पाण्यात फेटून पाच मिनिटं ठेवा, म्हणजे जेल आधीच तयार होतं. मग व्हिनेगर, आणि शेवटी एकत्र चाळलेलं कोरडं सगळं. पाणी उकळतं नको, बेकिंग पावडरीचा बराच जोर भांड्यातच संपतो. गोळा ओला पण हाताने आकार देता येईल इतपत हवा. फार सैल वाटला तर पीठ ओतत बसू नका, दोन-तीन मिनिटं थांबा. इसबगोल पाणी ओढत असतो.

१८० अंशांवर ५५ ते ६५ मिनिटं. रंगावर विश्वास ठेवू नका, बदामाचं पीठ लवकर लाल होतं. वरून जास्त रंग आला तर फॉइल झाका. मधोमध थर्मामीटर खुपसून ९६ ते ९८ अंश दिसायला हवेत. मग साच्यातून काढून तसाच उघडा १६० अंशांवर आणखी १० ते १५ मिनिटं ठेवा. बाजू आणि तळ सुकतात, तिथेच ब्रेडला आधार मिळतो. जाळीवर किमान दोन तास गार होऊ द्या. गरम कापलेला ब्रेड नीट भाजलेला असला तरी गिच्चच लागतो. उंच साचा असेल तर निदान पहिल्या वेळी सहा बन करा; त्यांतून पाणी सहज बाहेर पडतं.

प्रश्न: बन बाहेरून सुंदर, आत वरच्या कवचाखाली मोठी पोकळी. खालचा भाग दाट.

ओव्हन जास्त तापलेला आहे. वरचं कवच आधी कडक होतं, आतली वाफ त्याला वर ढकलते, आणि ओला गर गार होताना खाली बसतो. तापमान २००च्या पुढे असेल तर १८०वर आणा, पंख्याच्या ओव्हनमध्ये १६०. ट्रे खालच्या कप्प्यात ठेवा. वळताना ओल्या हाताने गोळा दाबून आतली हवा काढा आणि वर एक सेंटिमीटर खोल चीर द्या, म्हणजे वाफेला वाट मिळते. बेकिंग पावडर वाढवून हे सुटत नाही, पोकळी मात्र वाढते.

प्रश्न: ब्रेड जांभळट झाला. दुसऱ्यांदा सूर्यफुलाच्या बियांचं पीठ वापरलं, तर हिरवा! टाकून द्यायचा का?

नाही, दोन्ही खाण्यासारखे आहेत. काही ब्रँडची इसबगोल पावडर भाजल्यावर जांभळट-करडी होते. फिकट रंगाची अख्खी साल घ्या. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याच्या अल्कलीशी त्याची क्रिया होऊन हिरवा रंग येतो. सोडा कमी करा आणि चमचाभर लिंबाचा रस वाढवा. (पाहुण्यांना आधी सांगितलेलं बरं, हिरव्या ब्रेडचा पहिला संशय बुरशीवरच जातो.)

प्रश्न: चव साबणासारखी लागते.

सोडा उरला आहे. सव्वा ग्रॅम, म्हणजे साधारण पाव छोटा चमचा सोडा पूर्ण विझायला ५ टक्के आम्लाचं सुमारे १८ मिलि व्हिनेगर लागतं. बेकिंग पावडरीच्या जागी तितकाच सोडा घातला असेल तर उत्तर तिथेच आहे: सोड्याचा जोर जवळजवळ तिप्पट असतो.

प्रश्न: बदामाच्या पिठाऐवजी नारळाचं पीठ तितकंच चालेल?

नाही. ते कितीतरी जास्त पाणी शोषतं. १०० ग्रॅम बदामाच्या पिठाच्या जागी २५ ते ३० ग्रॅम घालून पाणी हळूहळू वाढवावं लागतं, आणि अंड्याशिवाय ब्रेड भुसभुशीत होऊन तुटतो. पूर्ण बदली करू नका. एकूण पिठाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठेवा.

प्रश्न: यीस्टचा ब्रेड हवा आहे. गव्हाचं शुद्ध ग्लूटेन आणि जवस वापरणारी कृती आहे, पण त्यात दोन अंडी आहेत. साखरेऐवजी एरिथ्रिटॉल घातलं तर यीस्ट फसफसलंच नाही.

एरिथ्रिटॉल किंवा स्टीव्हिया यीस्टला खाता येत नाही. एक छोटा चमचा साखर किंवा मध घालाच. ती यीस्टसाठी आहे आणि फुगताना तिचा बराचसा भाग यीस्टच संपवतं. पाणी ३५ ते ४० अंशांचं ठेवा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, पुढचं सामान वाया घालवू नका.

अंडी वगळणं इथे सर्वांत सोपं, कारण ग्लूटेन स्वतःच आधार देतं. सोललेल्या दोन अंड्यांचं वजन साधारण १०० ग्रॅम, त्यात ७५ ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅमच्या आसपास चरबी. म्हणून ७० ते ७५ मिलि जास्तीचं पाणी आणि एक मोठा चमचा तेल घाला. जवसाचं 'अंडं' (एक मोठा चमचा पूड, तीन चमचे पाणी) वेगळं करायची गरज नाही. ते फक्त बांधतं, फुगवत नाही. मळायचं तीन-चार मिनिटंच. शुद्ध ग्लूटेन जास्त मळलं की रबर होतं, ताणलं की मागे सरकतं. तसं झालंच तर झाकून १५ मिनिटं विसावू द्या. एकदाच, थेट साच्यात फुगवा. दोनदा फुगवण्याइतकं खाद्य यीस्टला इथे मिळत नाही.

गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिएक (ग्लूटेन न चालणारा आजार) असेल त्या घरात हा ब्रेड अजिबात नको.

प्रश्न: तिसऱ्या दिवशी बुरशी येते.

हा ब्रेड ओला असतो. बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये कोरड्या कागदात गुंडाळून चार-पाच दिवस. त्याहून जास्त ठेवायचा तर पूर्ण गार झाल्यावर काप करा, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि काप थेट टोस्टरमध्ये टाका. टोस्ट केल्यावर उरलेला ओलसरपणाही जातो, त्यामुळे पहिल्या प्रश्नातला गिच्च ब्रेडही पातळ काप करून असाच खपवता येईल.