आरसी विमानाचे फ्लॅप सावकाश उतरवण्यासाठी सर्वोचा वेग कसा कमी करावा?

तुमच्या फोमच्या सेसनाचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) स्विच टाकताच धाडकन खाली येतात, विमान नाक वर करून उसळतं, आणि सर्वोच्या (फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) वायरला रेझिस्टर लावावा का, असं तुम्ही विचारलं आहे. कृपया लावू नका. सिग्नलच्या वायरवर लावून वेग कमी होणार नाही. पॉझिटिव्हवर लावलात तर लोड येताच व्होल्टेज पडेल, वेगाबरोबर सर्वोची ताकदही जाईल आणि तो थरथरायला लागेल.

साधा अ‍ॅनालॉग सर्वो साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स वाचतो. पल्स १००० मायक्रोसेकंदांची असेल तर एक टोक, २००० ची असेल तर दुसरं. स्विच टाकला की हा आकडा एका झटक्यात बदलतो आणि सर्वो पूर्ण वेगाने तिकडे पळतो. तोच आकडा ३ सेकंदांत बदलायचा म्हटलं तर दर पल्सला जेमतेम ७ मायक्रोसेकंद वाढतात. म्हणजे सर्वो आहे तसाच राहतो, त्याने जायचं ठिकाण हळूहळू सरकत जातं.

हे काम ट्रान्समीटरच, म्हणजे तुमच्या हातातला रेडिओच करतो. त्यात एजटीएक्स किंवा ओपनटीएक्स हे सॉफ्टवेअर असेल तर मिक्सच्या (कोणत्या स्विचने किंवा स्टिकने कोणता सर्वो हलेल ते ठरवणाऱ्या) पानावर फ्लॅपची ओळ उघडा आणि ‘स्लो अप’, ‘स्लो डाउन’ दोन्हींत सेकंद भरा. मी ३ पासून सुरुवात करायला सांगेन. फ्लॅप वर घेतानाचा वेळ विसरू नका. लँडिंग सोडून पुन्हा वर जाताना फ्लॅप झटकन मिटले तर लिफ्ट अचानक जाते आणि विमान खाली बसतं. फ्लॅपेरॉन असतील, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारे एलेरॉनच फ्लॅपचंही काम करत असतील, तरी अडचण नाही, कारण स्लो त्या-त्या ओळीपुरताच लागतो: फ्लॅपच्या ओळीला द्या, एलेरॉनच्या ओळीला नको.

रेडिओत ही सोय नसेल तर रिसीव्हर आणि सर्वो यांच्यामध्ये लावायचं छोटं स्लो मॉड्यूल मिळतं. चाकं आत घेणारे जुने नॉन-प्रपोर्शनल रिट्रॅक्ट सर्वो मात्र यातल्या कशानेच हळू होत नाहीत, त्यांना फक्त दोन टोकंच कळतात.

एलेरॉन, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) यांच्या स्टिकच्या ओळींना स्लो कधीही देऊ नका. स्टिक आणि विमान यांच्यात उशीर आला की पायलट जास्तीची दुरुस्ती करत राहतो आणि विमान हेलकावे खाऊ लागतं. हालचाल तिखट वाटत असेल तर एक्स्पो (स्टिकच्या मधल्या भागातली हालचाल सौम्य करणारी सेटिंग) वाढवा, थ्रो (एकूण हालचाल) कमी करा.

फ्लॅपसोबत एलिव्हेटर थोडा खाली नेणारा मिक्स असेल, तर फक्त त्या ओळीला फ्लॅपइतकाच स्लो द्या. मग प्रॉपेलर काढून टेबलावर स्विच टाकून बघा: दोन्ही एकदमच थांबायला हवेत.