वाचक विचारतात: गाडी जुनी आहे हो, पण गोष्ट खरी आहे का?

प्रश्न: माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे आणि त्याला जुन्या गाड्यांचं भारी वेड. त्याने तिथे १९३४ ची एक रोल्स-रॉइस २०/२५ बघितलीय, ओपन टूरर बॉडी म्हणजे वरून उघडी, दिसायला एकदम झकास. विकणारा म्हणतो ही राजासाठी बनलेली गाडी, आणि पुरावा म्हणून एक जुना फोटो आणि दारापाशी लावलेली पितळी पाटी दाखवतो. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर: नाही. पाटी स्क्रूने लागते आणि स्क्रूनेच निघते, आणि फोटोतली गाडी हीच कशावरून? मुळात राजाचं नाव आलं की आधीच सावध व्हायचं, कारण त्या काळी ब्रिटिश दरबाराच्या अधिकृत गाड्या डेमलर असायच्या, पंचम जॉर्जसुद्धा डेमलरमधूनच फिरायचे, रोल्सची खरी एन्ट्री झाली ती १९५० साली राजकुमारी एलिझाबेथने फँटम फोर घेतली तेव्हा, आणि त्या मॉडेलच्या सगळ्या मिळून १८च गाड्या बनल्या. आता युवराज एडवर्डकडे खाजगीत रोल्स होत्या हे खरंय, त्यामुळे अगदीच अशक्य असं मी म्हणणार नाही, पण २०/२५ म्हणजे कंपनीची धाकटी गाडी, १९२९ ते १९३६ मध्ये ३,८०० च्या वर विकल्या गेल्या, आणि त्यातल्या पुष्कळ तर मालक स्वतःच चालवायचे. राजाची म्हणून सांगितलेली गाडी एखाद्या गिरणीमालकाची निघण्याचीच शक्यता जास्त.

आता खरं काम. तेव्हा कंपनी फक्त चॅसिस द्यायची, म्हणजे सांगाडा, इंजिन, रेडिएटर, बॉनेट, आणि बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करून घ्यायचं, हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली अशी बरीच नावं होती. म्हणून एकाच गाडीचे दोन इतिहास असतात, चॅसिसचा वेगळा आणि बॉडीचा वेगळा, आणि विकणारा बहुतेक वेळा जो सोयीचा असेल तोच सांगतो. भाच्याला म्हणावं आधी चॅसिस नंबर उतरवून घे, तीन अक्षरं आणि पुढे आकडे असा असतो, उदाहरणार्थ जीबीटी आणि मग नंबर (काही सिरीजमध्ये १३ हा आकडा चक्क गाळलेला आहे, अपशकुन नको म्हणून!). बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर प्लेट असते, पण तेवढ्यावर थांबू नको, फ्रेमवर ठोकलेला नंबरही बघ, तिथलं ग्रीस पुसायला लागलं तर पुस. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर वेगळा असतो, तोही लिहून घे.

हे नंबर घेऊन नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावच्या हंट हाउसशी संपर्क करायचा. तिथे रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबचं ऑफिस आहे आणि कंपनीच्या जुन्या चॅसिस कार्डांचा संग्रह तिथेच आहे, पैसे भरले की आपल्या गाडीच्या नोंदींच्या कॉप्या मिळतात. कार्ड वाचायला जाम मजा येते बरं का. ऑर्डर कोणी दिली, गाडी शहरात वापरणार की लांबच्या टूरिंगला, स्टीअरिंगचा दांडा किती कलता पाहिजे, स्प्रिंग किती वजनाच्या हिशेबाने लावायच्या, चॅसिस कोणत्या कोचबिल्डरकडे गेली, बॉडी कसली ठरली होती, असं सगळं त्यात सापडतं. एक मात्र लक्षात ठेवा, कधी कधी मालकाच्या जागी विक्री करणाऱ्या एजन्सीचंच नाव असतं, मग पहिला खरा मालक शोधायला आणखी खणावं लागतं.

मला राजापेक्षा ती टूरर बॉडीच खुपतेय. त्या बॉड्यांचा सांगाडा ॲशच्या लाकडाचा आणि वरून पत्रा, लाकूड कुजायचं, चॅसिस मात्र ठणठणीत राहायची. मग मोठ्या बंद लिमोझिनला गिऱ्हाईक मिळेना झालं की जुनी बॉडी उतरवून उघडी टूरर चढवायची, कारण उघड्या गाडीला भाव जास्त. काही गाड्या तर शववाहिका होऊनही आल्यात. कार्डावर लिमोझिन लिहिलंय आणि समोर टूरर उभी आहे असं झालं तर गाडी वाईट आहे असं नाही, पण मग किंमत नव्या बॉडीच्या गाडीची द्यायची, १९३४ च्या मूळ टूररची नाही.

प्रश्न: गाडीला जुनाच रजिस्ट्रेशन नंबर असेल तर ती अस्सल समजायची ना?

उत्तर: मदत होते, पण एकट्या नंबरवर जाऊ नका, ब्रिटनमध्ये नंबर एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो. तिथे नंबर १९०४ पासून सुरू झाले आणि प्रत्येक कौंटीला आपली अक्षरं होती, रोल्सच्या त्या प्रसिद्ध सिल्व्हर घोस्टचा एएक्स २०१ हा मॉनमथशायरचा, म्हणजे कंपनीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स यांच्या घराकडचा. १९७० च्या दशकात नंबरांचा सगळा कारभार वेल्समधल्या स्वान्सीला एकत्र आला तेव्हा बऱ्याच कौन्सिलांनी जुन्या वह्या फेकून दिल्या, काही कौंटीच्या अभिलेखागारात वाचल्या. वही वाचली असेल तर नशीब. नाहीतर १९२१ नंतरचं घडीचं लॉगबुक मागा, त्यात मालक बदलला की नाव चढायचं आणि शिक्का पडायचा, फक्त पानं भरली की नवं पुस्तक मिळायचं आणि जुने मालक जुन्या पुस्तकातच राहायचे, त्यामुळे हातातलं लॉगबुक पहिलंच आहे का हे आधी बघा.

प्रश्न: इंजिन बदललं, बॉडी बदलली, मग ती गाडी तीच कशी काय?

उत्तर: यावर लंडनच्या हायकोर्टात खरोखरचा खटला झालाय! बेंटलीची स्पीड सिक्स, टोपणनाव ओल्ड नंबर वन, १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मान्सची २४ तासांची रेस जिंकलेली. नंतर तिच्यावर इतके प्रयोग झाले की विचारू नका, आठ लिटरचं इंजिन बसवलं, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवर ती कठड्यावरून खाली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी त्यात गेला, मग तिची पुन्हा बांधणी होऊन कूपे झाली. १९९० मध्ये तिचा सौदा ठरला १ कोटी पौंडांना, आणि घेणारी कंपनी मागे हटली, म्हणे ही ती गाडीच नाही.

तपासात काय निघालं, तर १९३० च्या गाडीतलं म्हणता येईल असं पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टीअरिंगचा दांडा, बस, एवढंच उरलेलं. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. जशीच्या तशी रेसची गाडी ही नाही हे त्यांनी मान्य केलं, पण बदल टप्प्याटप्प्याने झाले, मध्ये कुठेही साखळी तुटली नाही, आणि याच नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, म्हणून ओल्ड नंबर वन हीच. मला हा निकाल पटतो. उलट दोन-तीन गाड्यांचे तुकडे जमवून परवा गॅरेजमध्ये जोडलेल्या बेंटलीचे सगळे पार्ट्स जुने असले तरी तिला इतिहास नसतो, आणि बंद बेंटल्या कापून ल मान्स स्टाइलच्या टूरर करायचं पीक कमी नाही आलेलं.

प्रश्न: कंपनीचे दुसरे संस्थापक हेन्री रॉइस वारले म्हणून दुखवट्यात रोल्सच्या बॅजची लाल अक्षरं काळी केली, हे खरं का?

उत्तर: रॉइस १९३३ मध्ये वारले आणि बदलही त्याच सुमाराचा, म्हणून गोष्ट चिकटली. खरं कारण म्हणजे लाल रंग गिऱ्हाइकांच्या गाड्यांच्या रंगाशी मारामारी करायचा. तेव्हा १९३४ च्या गाडीवर लाल बॅज दिसला तर भाच्याला म्हणावं तो कुठून आला हेही विचार.