ऑब्व्हियस लिहिण्याआधी एकदा थांब

दोस्ता,

पानं तोडणाऱ्या प्रोग्रामच्या पेटंट अर्जावरचा तुझा ड्राफ्ट वाचला. पहिल्याच पानावर "हे कुणालाही सुचलं असतं" असं, म्हणजे ऑब्व्हियस आहे असं, ठोकून दिलंयस. खरं सांगू, क्लेम (अर्जदार ज्यावर हक्क सांगतो ते मुद्दे) वाचून झाल्यावर मलाही तसंच वाटलं, पण तिथेच तर गोची आहे, उत्तर माहीत असलं की कोडं सोपंच वाटतं. म्हणून मी आधी क्लेम बाजूला ठेवतो आणि जुने कागद वाचतो, अर्जाच्या दिवशी या क्षेत्रातल्या साध्या जाणकाराच्या टेबलावर काय होतं तेवढंच.

कनूथ आणि प्लास या संगणकतज्ज्ञांचा, परिच्छेदाच्या ओळी कुठे तोडायच्या यावरचा 1981 चा पेपर शोधलास ते भारी केलंस. त्यात ओळी एकेक करून तोडत नाहीत, अख्खा परिच्छेद एकदम बघतात, प्रत्येक वाईट ओळीला दंड लावतात आणि एकूण दंड सगळ्यात कमी येईल तसं तोडतात. आपल्या क्लेम 1 मध्ये तेच पानांसाठी केलंय, तेव्हा ओळीच्या जागी पान घातलं की झालं, हे तुझं म्हणणं. नुसता मजकूर असेल तर मान्य. कनूथचं टेक हे टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर पानं एकेकच तोडतं कारण तेव्हाच्या मशीनच्या मेमरीत बरीच पानं एकदम मावत नव्हती, मेमरी स्वस्त झाली आणि अडचण संपली, मग कुणीही करून बघितलंच असतं.

पण चित्रं आली की सगळं बिघडतं. आकृती तिच्या उल्लेखाजवळ हवी, ती पुढच्या पानावर ढकलली की मागचं-पुढचं सगळं हलतं, आणि प्लासनं त्याच वर्षी थिसिसमध्ये दाखवलंय की हे अंतर काही विशिष्ट पद्धतींनी मोजलं तर प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो, म्हणजे ज्यांचं अचूक उत्तर झटपट काढायची पद्धत कुणाला माहीत नाही अशांतला. म्हणजे ओळीची युक्ती उचलून इथे चिकटवता येत नाही.

आता क्लेम 7 बघ. आकृती बसत नसेल तर प्रोग्राम मागे जाऊन एखादा परिच्छेद एक ओळ लांबवतो. परिच्छेद लांबवायची सोय टेकमध्ये आधीपासून आहे, लूजनेस म्हणतात तिला, पण कुठला परिच्छेद ते माणूस ठरवतो. हाताचं काम मशीनला दिलं एवढंच असेल तर त्यात काही दम नाही. पण इथे सगळं डॉक्युमेंट पुन्हा न चालवता नेमका परिच्छेद निवडलाय, आणि तू त्या निवडीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस! "करू शकला असता" वेगळं आणि "केलंच असतं" वेगळं, युरोपात तर याच फरकावर केसेस फिरतात. तो जाणकार तसं करायला का गेला असता, हे जुन्या कागदात दाखव, सापडलं नाही तर ऑब्व्हियस लिहू नकोस.

आणि हो, अर्जदारानं "पान आकर्षक दिसतं" असं चार वेळा लिहिलंय, त्याला भुलू नकोस. युरोपात 2002 च्या कॉमविक या पेटंट अपिलातल्या निर्णयापासून तांत्रिक नसलेल्या गोष्टी इन्व्हेंटिव्ह स्टेपला (ऑब्व्हियस नसण्याच्या अटीला) आधार देत नाहीत, आणि नुसतं छान दिसणं त्यातच येतं. पुन्हा न चालवल्यानं वाचलेलं प्रोसेसिंग मात्र वेगळं तपासावं लागेल.

क्लेम 1 चं तुझं तसंच राहू दे. 7 नव्यानं लिही, मग फोन कर.