जुन्या फ्लॅटचं इंटिरिअर निसर्गाच्या जवळ जाणारं कसं करावं?

तुम्ही विचारलंय की पुण्यात पश्चिमेकडे खिडक्या असलेला जुना २ बीएचके घेतलाय, एप्रिलमध्ये ताबा मिळतोय, बजेट बेताचं आहे आणि पर्यावरणाला भार होणार नाही असं इंटिरिअर करायचंय, तर सुरुवात कुठून करावी. आम्ही सहा वर्षांपूर्वी असाच जुना फ्लॅट घेतला, म्हणून अनुभवाचं सांगते.

आधी काहीही फोडू नका. आमच्याकडे जुन्या मोझॅकच्या फरश्या होत्या. कंत्राटदार म्हणाला, सगळं उखडून चकचकीत टाइल्स टाकू. आम्ही त्याऐवजी पॉलिशवाल्याला बोलावलं. तीन दिवस घरभर राखाडी चिखल झाला, पण खालून जी फरशी निघाली ती आजही नव्यासारखी आहे. एक ट्रकभर राडारोडा वाचला, नव्या टाइल्स भट्टीत भाजायला लागणारं इंधन वाचलं आणि पैसेही वाचले. तुमच्याकडे शहाबादी किंवा कोटा असेल तर तीही अशीच घासून घेता येते.

दुसरं काम म्हणजे ऊन बघणं. एखाद्या रविवारी दुपारी बारा ते संध्याकाळी सात रिकाम्या घरात बसा आणि ऊन कुठून कुठवर येतं ते खडूनं जमिनीवर आखून ठेवा. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आतून लावला तर काच तापून उष्णता आत आलेलीच असते. बांबूची चिक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा) बाहेरून सोडली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. एप्रिल-मेमध्ये त्या जागी वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारा. पुण्याची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे पाण्याची झटकन वाफ होते आणि आत येणारी झुळूक गार लागते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही.

भिंतींबद्दल माझं मत ठाम आहे: चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो, क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीतली ओल आत कोंडून राहत नाही. रंग हवा असेल तर पिवडी किंवा गेरू मिसळा, धरून राहायला थोडं डिंकाचं पाणी घाला. फक्त आमच्याकडून झालेली चूक करू नका. आम्ही एका खोलीत जुन्या प्लास्टिक पेंटवरच चुना मारून घेतला. पहिल्या पावसाळ्यातच त्याचे पापुद्रे सुटले. पेंट आणि पुट्टी प्लास्टरपर्यंत खरवडून काढल्याशिवाय चुना धरत नाही. टेकून बसलं की कपड्यांना थोडं पांढरं लागतं, म्हणून पलंगामागे आम्ही चटई लावली आहे.

लाकडासाठी जुन्या लाकडाच्या वखारीत चक्कर मारा. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि दारांचं सागवान तिथं मिळतं. सुतार कुरकुर करतो, कारण आत अडकलेल्या खिळ्यांनी त्याच्या रंध्याचं पातं जातं. लोहचुंबक फिरवून खिळे आधी काढून द्या, मग तो खुशीनं काम करतो. वाळवीची पोकळ जागा आहे का, ते ठोकून बघा. वर जवसाचं तेल पुरेसं होतं. पण तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. प्लायवुड टाळता येत नसेल तर कमी फॉर्मल्डिहाइडचं, ई-झिरो प्रतीचं मागा. नव्या फर्निचरचा जो उग्र वास येतो, त्यात प्लायवुड चिकटवायच्या डिंकातून सुटणारा हा फॉर्मल्डिहाइड वायू असतो.

बांबूचं काही घेताना एकच प्रश्न विचारा: बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलाय का? नसेल तर आतल्या पिष्टावर भुंगा येतो आणि खाली पिवळी भुकटी पडायला लागते.

आणि झाडं. ती जरूर लावा, पण हवा शुद्ध होईल म्हणून नको. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा खिडकी उघडण्याइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या लागतील असं दिसलं. खिडक्या उघडा, समोरासमोरच्या उघडा. झाडं डोळ्यांसाठी लावा.

सजावटीचं म्हणाल तर जमलं तर एकदा वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटी बघून या. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी तिथल्या मातीच्या भिंतीवर मातीनंच उठावाची झाडं आणि चरखा काढला आहे. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी होते. भिंत ज्या वस्तूची, नक्षीही तिचीच. वेगळं काही विकत आणलेलं नाही.

तुमचा ताबा एप्रिलमध्ये आहे, तर चिक आणि वाळा पहिल्याच आठवड्यात लावा आणि फरशी घासून घ्या. चुन्याचं काम पावसाळ्यात काढू नका, हात वाळत नाहीत. ते दसऱ्यानंतर करा. सुतारकामही तेव्हाच, कारण तोवर त्या घरात राहून कुठल्या कोपऱ्यात कपाट खरंच लागतं ते तुम्हाला कळलेलं असेल.