एसटीपीचं खत आणि ग्रामसभेतली आजी

प्रश्न : काका, मी फोंडा तालुक्यात पंच आहे. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातल्या (एसटीपीतल्या) गाळाचं खत कुळागरांना, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांना, फुकट द्यायची योजना आमच्याकडे आली. साहेब लोक स्लाइड्स दाखवून 'बायोसॉलिड्स, बायोसॉलिड्स' करत होते, तेवढ्यात मागून एक आजी म्हणाली, "म्हणजे गूच ना रे बाबा?" सगळे हसले, विषय तिथेच मेला. आता मला म्हणतात लोकांचं प्रबोधन करा. कसं करू?

उत्तर : बाय, प्रबोधन हा शब्द आधी टाकून दे, आजीला सगळं कळलंय. 'बायोसॉलिड्स' हे गोंडस नाव अमेरिकेत सांडपाणीवाल्यांच्या संघटनेने १९९० च्या आसपास चक्क लोकांकडून नावं मागवून शोधलं, कारण 'स्लज' (गाळ) म्हटलं की माणसं नाक मुरडायची, पण नाव बदललं की लोकांना उलट वाटतं हे काहीतरी लपवतायत. आणि घाणीची किळस आपल्याला कोण शिकवणार, माडाच्या मुळात सुकी मासळी घालणारे आपण, आणि डुकरांचे संडास (खाली डुकरं मैला खायची ते) तर आजीने स्वतः बघितलेत! तिने सरळ विचारलं, तूही सरळ सांग, होय, गूच आहे, पण त्याचं पुढे काय केलंय ते असं.

म्हणजे काय, तर जंतांची अंडी मेली का. बंद टाकीत कंपोस्ट करताना ५५ अंशांवर सलग ३ दिवस राहिलं पाहिजे, उघड्या ढिगात १५ दिवस आणि त्यात ५ वेळा उलटापालट, हा अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांतला हिशेब आहे. अहमदाबादला गाळावर गॅमा किरण सोडून जंतू मारतात, तो रोज १०० टन सुक्या गाळाचा प्रकल्प भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर चालतो.

पण जंतू मरतात, शिसं-कॅडमियमसारखे विषारी धातू मरत नाहीत गो. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे आणि तो कोणी स्लाइडवर घालत नाही. आपल्या तालुक्यात कुंडई, मडकई, बेतोड्याच्या औद्योगिक वसाहती, तेव्हा पहिलं हेच विचार की कारखान्याचं पाणी किंवा टँकर त्या प्रकल्पात येतो का. केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टला, म्हणजे शहरी कचऱ्याच्या खताला, किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत लागतं, म्हणून प्रत्येक लॉटचा रिपोर्ट पंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे, मराठी-कोकणीत. अमेरिकेत मेन राज्याने २०२२ मध्ये शेतात असा गाळ घालणं बंदच केलं, पीएफएएस नावाची, वर्षानुवर्षं न मोडणारी रसायनं मातीत सापडली म्हणून. हेही सभेत सांग, उद्या कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारच आहे, मग तू खोटी ठरशील.

सभेकडून लगेच होकार मागू नकोस. जो तयार असेल त्याच्या चार-पाच पोफळींना घाल, शेजारी शेणखताच्या ठेव, प्रकल्पावर सगळ्यांची एक फेरी मार (आजीसकट), आणि ठरावातच लिहून घे की रिपोर्ट वाईट आला किंवा वास मारला तर ग्रामसभा गाडी थांबवू शकते. थांबवायचा हक्क हातात नसेल तर कोण हो म्हणेल, मी तरी नाही म्हणणार.

मुळा, तांबडी भाजी असल्या मळ्यात तूर्त नकोच. आणि पावसात तर अजिबात नाही, आपली कुळागरं वहाळाच्या काठी, सगळं वाहून खालच्या विहिरीत जाईल. दिवाळी झाल्यावर बघा.